रविवारी उमललेलं फूल

मी एक जुनी व्हॅनिलाची वेल आहे. टोंगा देशातल्या वावाऊ बेटावर, फेलेती आणि लोसालिने या नवराबायकोच्या परसात एका झाडाला धरून वाढले. मित्रांनो, माझी गोष्ट ऐका. तिचा अर्थ मात्र विचारू नका, तो मलाच लागलेला नाही.

माझ्या फुलात बी धरणारी जागा असते. पराग तिच्या डोक्यावरच असतात, पण मध्ये पातळ पडदा! तो उचलणारी माशी आमच्या बेटावर नाही. म्हणून लोसालिने झाडूच्या काडीने पडदा सारते आणि पराग खाली दाबते. फूल पहाटे उमलतं, दुपारी मिटतं. तेवढ्यात हात लागला तर शेंग, नाही तर माती.

एका वर्षी वादळाने माझ्या कळ्या झोडपल्या. एकच उरली. फेलेती म्हणाला, "ही धरली नाही तर वेल उपटून कोनफळं लावतो. नुसती पानं काय चाटायचीत?"

नेमकी ती उमलली रविवारी! त्या दिवशी आमच्याकडे कुणी शेतीच्या कामाला हात लावत नाही, आणि फेलेती तर चर्चमध्ये प्रवचन देणारा.

"डुक्कर खड्ड्यात पडलं तर रविवारीही काढतोसच ना?" लोसालिनेने विचारलं.

"डुक्कर ओरडतं. फूल ओरडतं का?"

"बरं बाबा, तू आणि तुझा रविवार!"

दोघं आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून चर्चला निघाले. मला रडू फुटलं.

थोड्या वेळाने लोसालिने पंखा विसरल्याचं निमित्त करून परतली. अंबाड्यातून काडी काढली, पराग दाबले आणि पळाली. मी सुस्कारा टाकते तोच फेलेती आला, बायबल काखेत मारून! त्यानेही चोरासारखं इकडेतिकडे पाहत, घाईघाईने तेच केलं. "देवा, एवढा एक डाव माफ कर," पुटपुटला. मी पुरती चक्रावले. हे पाप म्हणायचं की माया? आणि शेंग कोणाच्या हातची?

नऊ महिन्यांनी शेंग तयार झाली.

"वाऱ्याने धरली असेल," फेलेती म्हणाला.

"वाराच तो. दुसरं कोण?" लोसालिने म्हणाली.

दोघंही शेंगेकडे बघत होते, एकमेकांकडे नाही. कोनफळांचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, कधी इकडे आलात तर मला खुशाल पाणी घाला. पण त्या दोघांपुढे यातलं अवाक्षर काढू नका. दोघंही अजून दर रविवारी शेजारी शेजारी बसून, एकमेकांपासून लपवून, देवाची माफी मागतात.