भाऊजीची बारी

मारुतीचं शेपूट हाय हे काम, म्हणून सांगितलं, तवा शिवप्रसाद भाऊजी म्हणले, "वहिनी, हे लय जुनं झालं." घ्या! तकलीफ माझी, अन ती नवी करून सांगायची बी मीच.

माझी सासू कस्तुराबाई, मी आत्याबाई म्हणते, लकव्यानं अंथरुणाला खिळली त्याला दोन वर्षं झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पोरं दोन. थोरला माझा नवरा व्यंकटी, वालूरला शेती करतो. धाकला शिवप्रसाद, परभणीला मास्तर. आईला सहा-सहा महिने वागवायचं, हे भावकीसमोर ठरलेलं. आता चौथी बारी बी आमचीच चालू हाय. नवऱ्याला म्हणावं तर "बगू". त्याचं बगणं सरंना अन भाऊजीची बारी येईना.

आता अडलं ते पंकजामुळं. लेक माझी, पाथरीला दिलेली, सातवा सरायलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिची सासू रोज इचारती, कवा न्यायलात? इकडं आत्याबाई, तिकडं ओली बाळंतीण, दोन हातांनी कुणाकुणाचं करू? म्हणून भाऊजीला सारखा फोन. आत्याबाईला घास भरवता भरवता, फोन खांद्याला दाबून.

"भाऊजी, हराळी हाय हे काम. पुढं खुरपत जावं, मागं वळून बगावं तर हाय तितकीच."

"वा वहिनी! लय भारी बोलता."

आठ दिवसांनी मी म्हणले, "पावसात काळ्या रानातून चालल्यावानी व्हायलंय. एका पायाचा चिखल झटकावा, तवर दुसऱ्याला पायलीभर."

"थांबा थांबा, लिहून घेतो."

अन खरंच लिहून घेतलं हो! शाळेच्या मेळाव्यात आईवरच्या भाषणात ठोकून दिलं. व्हिडिओ बी पाठवला, टाळ्याच टाळ्या. आयत्या बिळात नागोबा. आईला कवा न्यायलात म्हणलं, तर म्हणले, परीक्षा होऊ द्या.

राग यायला पायजे व्हता. येत न्हाई आता. कापड बदलायचं, धुवायचं, वाळू घालायचं. हात करत राहतात, मी बगत राहते. पंकजानं फोनवर सांगितलं, आई, लेकरू पोटात फिरायलंय. मी "बरं" म्हणले. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, नुसतं बरं म्हणले मी.

मागल्या सोमवारी भाऊजीनं आपणहून फोन केला. "वहिनी, नवीन काही हाय का? गुरुवारी कार्यक्रम हाय."

मी म्हणले, "गळकी टाकी हाय घरात. वरून भरते, खालून वाहती."

भाऊजी खो-खो हसले. मी बी हसले. अन चमचा पुढं केला तर आत्याबाईचं तोंड बंद. मान भिंतीकडं.

सांजच्याला खाल्लं न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. दूध घातलं तर हनुवटीवरून खाली आलं. नवरा म्हणला, दवाखान्यात दाखवू. दुखणं मला ठावं व्हतं. वाचा गेलती तिची, कान शाबूत व्हते. सगळं तिच्या उशालाच बसून बोलले की मी!

माझी आई लवकर गेली. पंकजाच्या वेळी सव्वा महिना माझी कापडं ह्याच बाईनं धुतली. एका शब्दानं कुणाला बोलली न्हाई, की कशाचं शेपूट म्हणली न्हाई.

मी तिच्याजवळ बसले. "आत्याबाई, चुकले मी. पंकीचं बाळंतपण हाय. तुमाला भाऊजीकडं धाडायचंय. मी थकले."

एवढंच बोलले. दोन वर्षांत हे सगळ्या जगाला सांगितलं, तिला तेवढं न्हाई.

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग डावा हात उचलला अन खुंटीकडं केला. तिथं तिचं गावाला जायचं हिरवं लुगडं व्हतं. मग घासाला तोंड उघडलं.

गुरुवारी परभणीला जायला गावातल्या भारतची जीप केली. नवऱ्यानं आईला उचलून भाऊजीच्या खाटंवर ठेवलं. भाऊजी कार्यक्रमाला निघालते, कडक इस्त्रीत.

"अहो वहिनी, कळवायचं तरी!"

"दोन वर्षं काय करायले मी? कागद घ्या. जावेकडं बगू नका, तुमी लिहा. सकाळी सहाला कापड बदला. पुसा, पावडर लावा, कूस बदला. चहा चमच्यानं. नवाला कापड. पेज भरवा, घाई करू नका, ठसका लागतो. बाराला कूस. दोनला कापड, ते लगीच धुवा. चारला दूध. सांजच्याला अंग पुसा. रातच्याला दोनदा उठा."

भाऊजी लिहायले. मान वर करून म्हणले, "अन मग?"

"मग परत सहा वाजतात."

ह्याला काही "वा" म्हणले न्हाईत.

मी उठले तर पदर अडकला. बगते तर आत्याबाईनं डाव्या मुठीत धरलेला. "येते," म्हणले अन बोटं सोडवायला लागले. एक सोडवलं की दुसरं घट्ट. अंगठा काही केल्या सुटंना. तवा कुठं मला रडू फुटलं.