टाचण्यांच्या उशीतली लव

"कोंबडीची पिसं आहेत," व्यापारी हसून म्हणाला. "आता काय आरवून दाखवायला सांगू?"

सहा वर्षं माझी आत्या टोप्यांच्या दुकानांपुढे उभी राहून सांगत होती, रानपक्ष्यांची पिसं विकू नका. अखेर वनाधिकाऱ्यांनी चारशे टोप्या अडवल्या होत्या. पण चार वाजेपर्यंत पुरावा मिळाला नाही, तर माल सुटणार होता.

पुरावा शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी प्राणिशास्त्र शिकले आहे. पिसाच्या बुडाची मऊ लव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की पक्ष्याचा गट कळतो. या पिसांना लवच नव्हती. डिंक नीट धरावा म्हणून ती कातरलेली होती. काळ्या रंगाखाली पट्टेही बुजले होते.

"कातरलेली लव जाते कुठे?" मी आत्याला विचारलं.

आम्ही दोघी त्या टोप्यांच्या कारखान्यात पिसं लावणाऱ्या बाईंकडे गेलो. मागे एकदा फाटकात आत्या त्यांना 'खाटकाची भागीदार' म्हणाली होती.

"काय ताई, आज शिव्या संपल्या वाटतं?"

"चुकलं माझं," आत्या वरमून म्हणाली.

मी अडचण सांगितली. बाईंनी मनगटावरची टाचण्यांची उशी काढली आणि कात्रीने तिची शिवण उसवली.

"लव आम्ही फेकत नाही. नवा माल आला की त्याच्या लवेची नवी उशी भरायची, ही आमची रीत. ही याच टोप्यांची. कोंबडीची लव बोटांना कळते हो. ही तशी नाही."

"तुमचं काम जाईल," मी म्हणाले.

"जाईल. बोटं तर माझ्याकडेच राहतील ना?"

त्या जबाब द्यायलाही आल्या. मी बारा काचपट्ट्या तयार केल्या. कोंबडीच्या लवेत सुट्या कड्यांसारख्या गाठी दिसतात. इथे तशी एकही नव्हती. सगळ्या गाठी आमच्या प्रयोगशाळेतल्या घुबडाच्या नमुन्याशी जुळल्या. अधिकाऱ्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि चारला दहा मिनिटं असताना माल जप्त केला.

जिन्यात आत्याने बाईंचे दोन्ही हात धरले. "सहा वर्षं मी नुसती ओरडत होते."

"तुम्ही ओरडलात, म्हणून तर मी बोटांचं ऐकलं."

अहवालाच्या छापील नमुन्यात आभाराला जागा नसते. मी बाईंचं नाव लिहून खाली समासात एक ओळ वाढवली. अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि तिच्याशेजारीच सही केली.