दोन लाझारोस आणि एक पेटी

आमच्या गावात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबांना चार मुलगे असले तर एकाच नावाचे चार नातू. ही रीत ज्यानं काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. माझा बाप लाझारोस, त्याचा सख्खा चुलतभाऊही लाझारोस. ग्रीसच्या यादवीत बाप डोंगरावर बंडखोरांत गेला, चुलतभाऊ सरकारी फौजेत. परतलं कुणीच नाही. तेव्हापासून दोन घरांत विळ्याभोपळ्याचं सख्य.

लढाई संपल्यावर दरीत एक सांगाडा सापडला. कमरेला फौजेचा पट्टा, शेजारी पत्र्याचा मग, त्यावर सुरीनं कोरलेलं नाव आणि आडनाव. पट्टे बंडखोरही लुटून वापरायचे, पण गावाला फौजी हवा होता, म्हणून तो फौजेतला लाझारोस ठरला. त्याच्या बायकोनं, सुलतानाकाकूनं, रीतीप्रमाणे हाडं वाइननं धुऊन पेटीत भरली आणि चर्चमागच्या अस्थिघरात ठेवली. दर शनिवारी तिथं ती दिवा लावते.

आता माझी आई अंथरुणाला खिळली. तिचा एकच हट्ट, आपली हाडं नवऱ्याच्याच पेटीत ठेवायची. नवरा सापडेना! मी अथेन्सच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, बंडखोर जिथं जिथं पळून गेले तिथं, पार ताश्कंदपर्यंत विचारलं. शेवटी नाक मुठीत धरून काकूकडे गेले. तिच्या नवऱ्याच्या सोबत्यांकडून काही कळलं असेल, एवढीच आशा.

काकूनं कॉफी दिली आणि बापाची काही खूण आहे का विचारलं. मी म्हटलं, लहानपणी अक्रोडाच्या झाडावरून पडला होता, डाव्या पायाची नळी वाकडी जुळलेली.

काकू उठली. मला अस्थिघरात नेलं, पेटी उघडली, फडकं सोडलं आणि एक हाड माझ्या हातात दिलं. नळी वाकडी होती.

काखेत कळसा आणि मी ताश्कंदला वळसा घालून आले होते. मला रडू आलं, मग तिचा भयंकर राग आला.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"धुताना कळलं. माझ्याचे पाय सरळ होते."

"आणि चाळीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीत? आई तिकडे झुरतेय!"

"बोलले असते तर त्याला परत दरीत फेकला असता. तेव्हा डोंगरवाल्याला कोण इथं ठेवू देत होतं? नंतर धीर झाला नाही. आणि म्हटलं, मी ह्याला धुतलं, तर माझ्यालाही कुठंतरी कुणीतरी धुईल." तिनं हाड परत घेऊन पुसलं. "तुझ्या आईला सांग. पेटी तिची आहे."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आधी तिनं काकूला मनसोक्त शिव्या घातल्या. संध्याकाळी मला जवळ बोलावलं.

"सुताराला मोठी पेटी करायला सांग. ती बाई एकटी कुठं जाणार?"