मुर्दा

शिरूर कासारच्या अलीकडच्या त्या गावात मारुतीच्या देवळात सप्ताह बसायचा, आणि सप्ताहातला भर दुपारचा पहारा आश्रुबाचा. बावीस वर्षं. निजामाच्या अंमलात गावचा पाटील बदलला, तलाठी बदलला, पण दुपारची वीणा आश्रुबाच्या गळ्यातून हलली नाही. पंगत उठली की गाव आडवं व्हायचं, टाळकरी खांबाला टेकून पेंगायचे, आणि हा एकटा उभ्यानं वीणा छेडीत नाम घेत असायचा. सप्ताहात वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, ती सुद्धा वाजत वाजत.

भिवराबाई नवऱ्याला म्हणायची, "देव बी डुलकी घेत आसंल त्या टायमाला. तुमी कुणासाठी जागता?"

"म्हणून तर जागतो. त्याला जाग आली तर कुणीतरी दिसाया नगं?"

त्या वर्षी श्रावणात आश्रुबा आडावर बैलांना पाणी दाखवीत होता. एकाएकी पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये कळ आली, कुणी चऱ्हाट आवळावं तशी. तो खाली बसला. बैलांचं पिऊन होईस्तोवर कंबरेखालचं सगळं गळाठलं होतं. गाडीत कडबा अंथरून त्याला बीडला नेलं. तिथल्या हकिमानं बाभळीचा काटा पोटरीत टोचला, आश्रुबा हूं नाही की चूं नाही.

हकीम माणूस मायाळू. त्यानं भिवराबाईला समजावून सांगितलं, "पाठीच्या कण्यात एक दोरी असते, बाई. तिला रगत पोचतं म्हणून पाय चालतेत. ते रगत मधीच अडलं. तुमच्या मोटेचं पाणी पाटात तुंबलं, तर खालचा वाफा वाळतो का न्हाई? तसंच." आणि मग उसासा टाकून म्हणाला, "दोनों पाँव मुर्दा हो गये."

बाकी सगळं आश्रुबा विसरला. तो एक शब्द तेवढा त्यानं घरी आणला.

माघात सप्ताह जवळ आला, तसा भजनी मंडळाचा म्होरक्या धर्मराज घरी आला. "आश्रुबा, बाजंवर बस, लोडाला टेक, पर दुपार तुजीच."

"न्हाई जमायचं."

"कावून?"

"घरात मढं आसलं तर वीणा धरतेत का, धर्मराज?"

"छे छे. सुतक आसतंय."

"माझ्या तर अंगातच मढं हाय. आर्धं अंग. माझं सुतक कवा फिटायचं?"

धर्मराज बाराबंदीची गाठ चाचपत बसला. असा सवाल त्याला कुठल्या कीर्तनात ऐकल्याचं आठवेना. तो गेला, आणि आश्रुबानं भिंतीकडं तोंड केलं. भिवराबाईनं त्याची पाठ बघितली. पाय गेल्याचं तिनं सोसलं होतं. पण दुपार गेली तर हा माणूस राहायचा नाही, हे तिला लख्ख कळलं.

तिला वाटलं, शेक दिला तर आत काही हलेल. तिनं वीट चुलीत तापवली, फडक्यात गुंडाळून त्याच्या पोटऱ्यांखाली सरकवली आणि भाकरी थापायला बसली. तव्यावरची भाकरी उतरवून येते, तर पोटरीला हे टरारून फोड!

"आगं बया! आवो, भाजलंय की! बोलायचं न्हाई व्हय?" तिला रडूच कोसळलं.

"रडू नगंस. वीट ठेवल्याली कळली मला. जड लागली. पर मला वाटलं, गारच ठेवलीस."

भिवराबाईचं रडं जागच्या जागी थांबलं. "काय म्हनलात? कळली?"

"कळली की."

तिनं आपला पदर त्याच्या डोळ्यांवर टाकला. "बगायचं न्हाई हं. सांगा, काय करती मी?"

"डावा अंगठा धरलास."

"आन आता?"

"वर वळवलास. आता खाली. हात पिठाचाच हाय तुझा."

ती रडता रडता हसायला लागली. "मुर्द्याला वीट जड लागती व्हय? मुर्द्याला बायकूच्या हाताचं पीठ कळतंय व्हय?"

"हकीम शिकल्याला मानूस हाय, भिवरे." आश्रुबा हटून बसला. "काटा टोचला तर कळला न्हाई."

"काटा न्हाई कळला तर बरंच झालं. काट्यानं काय देव भेटतोय?"

पण तो काही कबूल झाला नाही. सप्ताहाच्या पहिल्या दुपारी तिनं नुसतं ऐकायला म्हणून त्याला गाडीत घालून देवळात आणलं आणि खांबापाशी बसवलं. पंगत उठली, गाव आडवं झालं. वीणा धर्मराजाकडं होती. भिवराबाईनं त्याला आधीच कानात काही सांगून ठेवलं होतं. तो वाजवीत वाजवीत आला, ओणवा झाला, आणि वीणेचा भोपळा त्यानं अलगद आश्रुबाच्या मांडीला लावला. तार छेडली.

आश्रुबा दचकला. ज्या पायात काटा रुतला तरी कळत नव्हता, त्याच्या मांडीत झिणझिण झिणझिण नाद उतरत होता, पार गुडघ्यापर्यंत.

"आत... आत वाजतंय रं, धर्मराज."

"मग? मुर्द्यात वाजतंय व्हय?"

आश्रुबाचा हात आपसूक पुढं गेला. वीणा न थांबता एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. पण त्याला पाठ ताठ धरवेना, तो एका अंगाला कलंडायला लागला. तशी भिवराबाई पुढं झाली, त्याच्या मागं उभी राहिली आणि आपले गुडघे त्याच्या पाठीला दिले.

"पहारा उभ्यानंच करायचा ना? मी हाय उभी. तुमी वाजवा."

दुपार कलली. पुढचा विणेकरी येऊन हात जोडून थांबला. आश्रुबाचे डोळे मिटलेले, मांडी नादात भिजलेली. तो मान हलवून म्हणाला, "आजून थोडं."

"आवो, द्या आता," भिवराबाई वरून कुजबुजली, "माजे पाय मुर्दा व्हायला लागलेत."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच पहाऱ्यावरचा आश्रुबा नाम घेता घेता खुदकन हसला.