समतोलबाबांचा सीलबंद डबा

दुपारची सुट्टी झाली की सिस्टीम डिझाइन विभागाच्या जिन्याखाली रांग लागायची. शेवटच्या वर्षाची मुलं, दोन प्राध्यापक, एकदा तर ग्रंथपालबाईसुद्धा. टेबलावर पत्र्याचा सीलबंद डबा आणि मागे समतोलबाबा. याच विभागातून तीनदा नापास होऊन बाहेर पडलेले, पण आता कोट घालत. नाव सांगून डब्यावर हात ठेवायचा, बाबा त्यावरून आपला हात फिरवायचे. लाल दिवा विझून हिरवा लागला तर प्रकल्प पार. लालच राहिला तर बुडाला.

"तुझ्या लहरी विद्यापीठाच्या लहरींशी जुळतात का, ते डबा सांगतो. मी कोण? मी नुसती वायर," असं बाबा म्हणायचे. दोन वर्षांत वायर एकदाही चुकली नव्हती.

मी तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस. चाळिशीनंतर खणांवरच्या चिठ्ठ्या वाचत अक्षरं शिकलो, त्यामुळे चिठ्ठी वाचून खण उघडून बघायची खोड लागली. या विभागाची शिकवण उलटी. फळ्यावर चौकोन काढायचा, एक बाण आत, एक बाहेर. बाहेर येतंय ते बरोबर असलं की चौकोनात काय आहे ते कोणी विचारत नाही.

माझ्या पुतणीने मात्र बाबांना विचारलं, डब्यात काय आहे? ती शेवटच्या वर्षाच्या वर्गात. बाबा गोड हसले, डावा हात फिरवला. दिवा लालच राहिला.

तेव्हापासून तिला कोणी गटात घेईना. प्रकल्प चौघांनीच करायचा; गट नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर वर्ष गेलं. तिची जिवलग मैत्रीण म्हणाली, "राग मानू नकोस गं, पण तुझ्यापायी आमचंही अडेल."

एके दिवशी स्क्रूचा ट्रे घेऊन मी रांगेजवळून जाताना धक्का लागला. स्क्रू टेबलभर सांडले. बाबांनी ते बाजूला सारायला उजवा हात घातला आणि चार स्क्रू त्यांच्या अंगठीला चिकटून वर आले.

पुतणी रांगेच्या कडेला उभी होती. तिने प्रयोगशाळेतून चुंबक आणून डब्यावर धरला. हिरवा. काढला, लाल. मग सरळ सील फोडलं. आत एक बॅटरी आणि चुंबकाने चालणारा बोटभर स्विच.

"आणि बाबांच्या समोरच्या भिंतीवर काय आहे?" ती म्हणाली. याच वर्गाच्या मागच्या वर्षीच्या गुणांची यादी होती. "वरच्या नावांना अंगठीचा हात, खालच्यांना दुसरा. लाल आलेल्याला तुम्ही गटात घेत नाही, मग तो बुडतोच. चौकोनाबाहेर आलेलं फिरून आत जातं, हे पहिल्याच वर्षी शिकलो ना आपण? यादीत माझं नाव दुसरं आहे, तरी मला लाल, कारण डब्यात काय आहे ते मी विचारलं."

गलका ऐकून आलेल्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण गटांची नोंदणी कालच बंद झाली.

निकालात तिचं नाव नव्हतं. रांगेतली मुलं म्हणाली, बघा, लालच आला होता. डबा नवा आला आहे, या वेळी झाकण उघडूच नये म्हणून रिबिटा मारलेल्या. पुतणी तिची पुस्तकं माझ्याकडे ठेवून घरी गेली.

मी फार शिकलेला नाही. एवढंच सांगतो: डबा उघडून बघा. आणि ज्याने उघडला, त्याला आपल्या गटात घ्या.