खोल मुंढ्याची बाही

मी एक जुनी बाही आहे. काळ्या कोटाची, उजव्या हाताची. कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासाने मला उमासे येतात, पण मित्रांनो, माझी कहाणी त्याहून घाण आहे.

माझे कापड उत्तम होते. नासवले ते शिंप्याने. तो टाचण्या तोंडात धरायचा आणि थुंकीने ओल्या झालेल्या त्याच टाचण्या माझ्या अंगात खुपसायचा. शी! माझे मालक मोठ्या गायनसमूहाचे संचालक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या वर्षी स्पर्धेत समूह हरला तर मास्तरांना घरी बसवायचे, असे समूहाच्या मंडळाने ठरवले होते. म्हणून तर परीक्षकांवर छाप पाडायला ते नव्या कोटाच्या मागे लागले.

माप देताना मास्तरांच्या पत्नी सोबत होत्या. "अहो, हात वर करून दाखवा ना त्यांना," त्या म्हणाल्या.

"दुकानात? लोक बघतायत," मास्तर पुटपुटले आणि हात मांड्यांना चिकटवून उभे राहिले. शेकडो लोकांपुढे हात नाचवणारा माणूस चार गिऱ्हाइकांपुढे लाजला! मला तर तिथेच वीट आला.

कोट शिवून झाल्यावर मास्तरांनी हात जेमतेम छातीपर्यंत उचलला. "काखेत धरतंय. जरा मोकळं करा," ते म्हणाले. आता बाही जिथे जोडतात त्या भोकाला मुंढा म्हणतात. मुंढा काखेला लागून वर असेल तरच हात मोकळेपणाने वर जातो. तो खाली गेला की बाही आणि कोट एकमेकांच्या गळ्यात पडतात. शिंप्याला हे पक्के ठाऊक होते. तरी "गिऱ्हाईक म्हणतंय ना? मग झालं," असे म्हणून त्याने मुंढा आणखी खोल कापला. असल्या 'मग झालं'वाल्यांची मला शिसारी येते.

स्पर्धेच्या दिवशी मास्तरांनी दोन्ही हात उचलले आणि माझ्याबरोबर सगळा कोटच वर ओढला गेला. कॉलर कानांना भिडली, पोटावरचा शर्ट उघडा पडला. पुढच्या रांगेतली एक गायिका फिस्सकन हसली. निम्म्यांनी सूर धरला, निम्मे नुसते आ वासून बघत राहिले.

मास्तर थांबले. परीक्षकांकडे बघून म्हणाले, "माफ करा, पुन्हा सुरू करतो." त्यांनी मला अंगावरून ओरबाडून काढले, खुर्चीवर फेकले आणि नुसत्या शर्टावर हात उचलले. तो शर्ट बायकोने घरी शिवलेला, मुंढा काखेला बेताने लागलेला. हात थेट डोक्यावर गेले आणि कमरेची घडीसुद्धा हलली नाही. समूह एका दमात गायला आणि जिंकला. मास्तरांची जागा राहिली. टाळ्यांचा कडकडाट चालू असताना मी खुर्चीवर उलटी पडले होते, घामेजलेले अस्तर बाहेर काढून. माझी मलाच किळस आली.

मित्रांनो, कपड्याची निगा म्हणजे नुसती इस्त्री नव्हे. माप देताना लाज सोडा, रोज जसे हात हलवता तसे हलवून दाखवा. आणि शिंपीदादांनो, गिऱ्हाईक चुकत असेल तर तोंडातल्या टाचण्या काढा आणि बोला. कापून टाकलेले कापड परत जोडता येत नाही. हात वर नेण्यासाठी माझा जन्म झाला होता. मी एकदाच वर गेले, आणि एका भल्या माणसाचे हसे केले.