बाईंची वीत

बाईंचं तिसरं बोट आत गेलं. चौथंही गेलं. मग त्यांनी मूठ वळून पाहिली, तर टेलरची कंबर आणि नव्या खुर्चीची बाजू यांच्यामध्ये ती अख्खी मूठ आरामात मावली.

"काय बाई, खिसा कापताय की काय?" टेलर म्हणाला.

"गप. आधी सरळ बस."

"सरळच बसलोय की."

तो सरळ बसला नव्हता. डावीकडे कलला होता, आणि त्याला ते कळत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी कण्याच्या आजाराने त्याच्या कमरेखालची जाणीव गेली. तेव्हापासून तो हाताने फिरवायच्या मशीनवर कपडे शिवतो आणि तोंडाने लोकांना टोमणे मारतो, आणि दोन्ही कामं चोख करतो. आज मात्र स्वारी खुशीत होती. नव्या चाकांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. दाराशी उभी असलेली त्याची आई डोळे पुसत होती.

बाईंना सगळे 'दोनबोटे बाई' म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटे. चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करून गरजूंना देणाऱ्या त्या छोट्या संस्थेत बाईंचं मुख्य काम एकच होतं. माणसाला खुर्चीत बसवायचं आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटं घालून पाहायचं. दोन बोटं गेली पाहिजेत, तिसरं अडलं पाहिजे. तिसरं गेलं की वहीत शेरा मारायचा: 'परत'. सैल खुर्चीत माणूस एका अंगाला कलतो, सगळा भार एकाच हाडावर येतो आणि कातडी आतून कुजायला लागते. ज्याला जाणीवच नाही त्याला ते दुखतही नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं बाई नेहमी म्हणत.

बाईंनी टेलरला तसाच ठेवला आणि शेजारची खुर्ची उलटी केली. बुडाला चिकटवलेल्या कागदावर आकडा होता: अठरा इंच. पुढच्या खुर्चीवर अठरा. त्याच्या पुढच्या खुर्चीवरही अठराच. भिंतीला लागून चाळीस खुर्च्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातावर लाल फीत बांधलेली होती. घड्याळात साडेनऊ झाले होते. पाहुणे अकराला येणार होते.

पाहुणे म्हणजे गाड्यांची आसनं बनवणाऱ्या कारखान्याचे मोठे साहेब. या चाळीस खुर्च्या त्यांनीच दिल्या होत्या आणि आज ते तीन वर्षांच्या करारावर सही करणार होते. कार्यशाळेचं भाडं, बाईंचा पगार, खुर्च्या जोडणाऱ्या मिस्त्रींचा पगार, सगळं त्या सहीवर टांगलेलं होतं. जुन्या देणगीदाराने हात आखडता घेतल्यापासून महिनाअखेरीस कुलूप लागणार हे सगळ्यांना माहीत होतं.

संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे सर म्हणत, स्टुलावर चढून कापडी फलक बांधत होते.

"सर, खुर्च्या मोठ्या आल्यात. सगळ्या."

"मोठ्या असू देत हो. लहान आल्या असत्या तर पंचाईत होती."

"मूठ जाते आत."

सर स्टुलावरून उतरले. दोनबोटे बाई उगाच बोलत नाहीत हे त्यांना एकोणीस वर्षांत कळलं होतं. "पण तुमच्या वहीतलीच मापं पाठवली मी! पानांचे फोटो काढून पाठवले. तुमच्याच अक्षरातले."

आता बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या वहीत इंच नव्हतेच. होती ती वीत. एकोणीस वर्षं बाई माणसाच्या कमरेची रुंदी स्वतःच्या वितीने मोजत आल्या होत्या. मापाची फीत लावली की माणूस कापडासारखा गप पडून राहतो, आणि फितीला ताप कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हाताला कळतो. कुठे कातडी गरम झालीय, कुठे हाड वर आलंय, ते वीत टाकता टाकताच समजतं. आणि मिस्त्री त्यांच्या वितीवरूनच पाइप कापायचे, त्यामुळे आजवर घोडं कुठे अडलं नव्हतं. वहीत जवळजवळ प्रत्येक नावापुढे लिहिलेलं होतं: दोन वीत. कुठे एक बोट कमी, कुठे एक बोट जास्त, इतकंच.

दहाला कारखान्याच्या मॅडम आल्या. समाजकार्याचा विभाग त्यांच्याकडे होता. बरोबर छापील टी-शर्ट घातलेले कारखान्यातले दहा-बारा लोक होते. त्यांतला एक पिकल्या केसांचा फोरमन टी-शर्ट पोटावर ओढत अवघडल्यासारखा मागे उभा होता.

"वीत म्हणजे नऊ इंच ना?" सरांनी सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या. "शाळेत तेच शिकलो आपण. दोन वीत म्हणजे अठरा. मी स्वतः तपासलं होतं."

बाईंनी पंजा पसरून पुढे धरला. लहानखुरा हात. करंगळी चाकांच्या तारा वाकवून वाकवून आत वळलेली. मॅडमनी आपला पंजा शेजारी धरून पाहिला.

"झालं," सर पुटपुटले. "मापातच पाप."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो खरा होता. "हे बघा बाई, असं करू. आज लोकांना बसवू, फोटो काढू, सही होऊ दे. मग मी एकेक खुर्ची बदलून देते. माझा शब्द."

"कधी?"

"लवकरात लवकर. दोनेक महिने."

"तोवर हे लोक कशात बसणार?"

सरांनी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, ज्या फांदीवर बसलोय तीच तोडू नका. मिस्त्रींची दोन पोरं शिकतायत. तुम्ही छप्पन्न वर्षांच्या. कोण देणार काम? आणि उद्या कार्यशाळाच नसली तर या लोकांच्या खुर्च्या बघणार कोण?"

सरांचं चुकत नव्हतं. हीच तर अडचण होती. बाई मोरीत जाऊन नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? चाळीस घड्या घातलेल्या चादरी कोंबल्या तर? चादर सरकते. आणि बोललं तर चूक आपलीच निघणार. आपल्याच हाताची.

पण फोटोचा अनुभव बाईंना होता. त्यांचा दादा रंगकाम करताना परांचीवरून पडला तेव्हा असाच एक कार्यक्रम झाला होता, दुसऱ्या गावात, दुसऱ्या लोकांचा. दादाला स्टेजवर नेऊन नव्या कोऱ्या खुर्चीत बसवलं. बसतोय की नाही, कसा बसतोय, कुणी पाहिलं नाही. दादा हसत होता. बाईंनी खाली उभं राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या. चौदा महिन्यांनी कमरेची जखम हाडापर्यंत गेली आणि दादा गेला. खुर्ची कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून बाई ती इथे द्यायला आल्या. तेव्हा मिस्त्री कुणाला तरी नुसत्या नजरेच्या अंदाजाने खुर्ची देत होते. "अहो, आधी बसवून तरी बघा," बाई म्हणाल्या, आणि इथेच राहिल्या. खुर्ची मात्र त्यांनी शेवटी कुणालाच दिली नाही.

मोठे साहेब अकराच्या आधीच आले. मॅडम पुढे झाल्या, सर हात जोडून पुढे झाले, आणि त्या दोघांच्या मधून बाई पुढे झाल्या.

"साहेब, या खुर्च्या आज कुणाला द्यायच्या नाहीत. चूक माझी आहे. मी वितीत लिहिलं. माझी वीत लहान आहे."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी सरांकडे, सरांनी फलकाकडे. फलकावर मोठ्या अक्षरांत 'चाळीस' लिहिलेलं होतं.

"थोड्याशा मोठ्या आहेत, एवढंच ना?" साहेब म्हणाले.

"हात घालून बघा."

साहेबांनी घड्याळात बघितलं. हात काही घातला नाही. हात घातला तो फोरमनने. टेलरसमोर गुडघ्यांवर बसून त्याने विचारलं, "भाऊ, चालेल ना?" आणि दोन्ही बाजूंना पंजे सरकवले.

"घाला घाला," टेलर म्हणाला. "सकाळपासून सगळे तेच करतायत." पण त्याचं हसू उतरलं होतं. आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

फोरमन तसाच बसून साहेबांना म्हणाला, "साहेब, ड्रायव्हरचं सीट इतकं सैल गेलं तर तुम्ही माझी अख्खी लॉट परत करता."

पंजे बाहेर काढून तो उठला.

"दोन्ही बाजूंना घट्ट फोम लागेल, बुडाखाली वेगळा. आपल्याकडे कापून उरलेले तुकडे ढिगाने पडलेत, रोज गाडी भरून फेकतो. पण प्रत्येकाचं माप वेगळं. मला आठवड्यातून एक दिवस इकडे पाठवावं लागेल. आणि या ताई शेजारी लागतील."

साहेबांनी खुर्च्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "करा. चाळीसही जण नीट बसले की मला बोलवा. सही तेव्हा."

"म्हणजे महिना तरी..." सर म्हणाले.

"तोवर भाड्याचं बघतो मी," साहेब म्हणाले आणि गाडीकडे निघाले. 'बघतो' म्हणजे नक्की काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

फोटो निघाला नाही. टेलर जुन्या खुर्चीत बसून, आईला पुढे घालून घरी गेला. जाताना म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी बोटं घालायच्या आधी चहा पाजत जा." सर फलक सोडवत होते. बाईंशी ते एक शब्द बोलले नाहीत, पण स्टूल हलू नये म्हणून बाईंनी ते धरलं, तेव्हा नको म्हणाले नाहीत.

फोरमन मागे राहिला होता. त्याने पुठ्ठ्याचा तुकडा टेबलावर ठेवला. "ताई, वीत टाका."

बाईंनी पंजा पसरला. त्याने पेन्सिलीने हाताभोवती रेघ मारली, मग खिशातली फीत लावली. "साडेसात. तुमच्या दोन वितींचे पंधरा. आता वहीतली सगळी मापं मला लावता येतील." त्याने पुठ्ठा कापून पिशवीत टाकला आणि फीत बाईंच्या हातात दिली. "हात घालणं सोडू नका. पण लिहाल ते यात लिहा."

तो गेल्यावर दुपारी कार्यशाळेत बाई एकट्याच उरल्या. सही होईल का, भाडं येईल का, सर उद्या बोलतील का, सगळं डोक्यात घुमत होतं. हाताला काही काम हवं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरची पान्यांची पिशवी खाली ठेवली. एकोणीस वर्षं ती पिशवी दादाच्या खुर्चीवरच असायची. त्यांनी फीत लावली. अठरा.

दादाचं माप कुठे लिहिलेलं नव्हतं. पण वर्षभर रोज सकाळी त्याला पलंगावरून उचलून याच खुर्चीत बाईंनीच ठेवलं होतं. त्यांनी डोळे मिटले, उचलताना हात जसे धरायच्या तसे धरले, ते तसेच आसनावर टेकवले आणि दोन हातांमधलं अंतर मोजलं. चौदा भरलं.

मग त्यांनी वही उघडली, नवीन पान घेतलं, आणि पहिल्यांदाच इंचात लिहिलं. नाव: दादा. माणूस: चौदा. खुर्ची: अठरा. शेऱ्याचा रकाना तेवढा उरला. मग त्यांनी नेहमीच्या अक्षरात लिहिलं: परत.